बुसान की गांगनुंग? आधी सांगा, शुक्रवारी सुटता किती वाजता?

सोलमध्ये नव्याने आलेल्या मराठी घरांत पहिल्या दोन-तीन महिन्यांतच हा विषय निघतो. शनिवार-रविवार समुद्रावर जाऊ या, पण कुठे? बुसानचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. गांगनुंग म्हणताना जीभच अडखळते, म्हणून बहुतेक जण बुसानचं तिकीट काढून मोकळे होतात आणि सोमवारी ऑफिसात डोळे चोळत बसतात. मी दोन्हीकडे जाऊन आलेय, तर माझं मत आधीच सांगते. शुक्रवारी संध्याकाळी सहा-सातपर्यंत गाडीत बसता येत असेल तर बुसान. शनिवारी सकाळी चहा-पोहे आटोपून निघणार असाल तर गांगनुंग.

आधी गाडीचा हिशोब. सोल स्टेशनहून बुसानला केटीएक्स या वेगवान गाडीने साधारण अडीच-पावणेतीन तास लागतात आणि साध्या डब्याचं भाडं ५९,८०० वॉन. गांगनुंगला दोन तास आणि २७,६०० वॉन. दोघांच्या जाण्यायेण्यात १,२८,८०० वॉनचा फरक पडतो, म्हणजे एका रात्रीची बऱ्यापैकी खोली त्यातच निघते. गांगनुंगची ही लाइन २०१८च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी बांधली आणि डिसेंबर २०१७मध्ये सुरू केली. त्याआधी बहुतेक जण डोंगर ओलांडून बसने जायचे.

वेळेत अर्ध्या-पाऊण तासाचाच फरक, मग एवढा बाऊ कशाला? कारण बुसानमध्ये खरा प्रवास गाडीतून उतरल्यावर सुरू होतो. हे बत्तीस-तेहतीस लाख वस्तीचं शहर डोंगर आणि खाड्यांच्या मधून वेडंवाकडं पसरलंय. स्टेशनवरून हेउंदेच्या किनाऱ्यावर जायचं तर मेट्रोची एक नंबरची लाइन, सम्यनला बदल, मग दोन नंबरची. पन्नासेक मिनिटं जातात. जागाल्चीचा मासळी बाजार आणि गामचनची रंगीत घरांची वस्ती नेमकी शहराच्या दुसऱ्या टोकाला. हेउंदेला खोली घेऊन एकाच दिवसात गामचन, जागाल्ची आणि समुद्राकाठचं योंगगुंगसा मंदिर उरकायचा बेत आम्ही केला होता. मंदिर राहिलंच, आणि त्या दिवसातलं मला सगळ्यात लख्ख आठवतात ते सम्यन स्टेशनचे जिने.

म्हणून बुसानला जायचंच तर शहराचा एकच अर्धा भाग धरा. पूर्वेकडे हेउंदे आणि ग्वांगाल्लीचे किनारे, शिवाय मिपोपासून जुन्या रेल्वेमार्गावर चालणाऱ्या त्या इवल्याशा कॅप्सूल गाड्या. कॅप्सूलचं भाडं माणशी नसतं, डब्यामागे असतं आणि एका डब्यात चार जण बसतात. दोघांनीच गेलात तर महाग वाटेल. शनिवारी रात्री ग्वांगाल्लीच्या पुलासमोर ड्रोनचा खेळ असतो, मात्र वारा सुटला की रद्द होतो. पश्चिमेकडे जागाल्ची, गुकजे बाजार आणि गामचन. कोरियन युद्धाच्या काळात, १९५० ते १९५३, बुसान देशाची तात्पुरती राजधानी होती. निर्वासित मिळेल त्या उतारावर घरं बांधत गेले आणि ते सगळं अजून डोळ्यांना दिसतं. मला हाच भाग जास्त आवडतो. फक्त गामचनला पायऱ्या फार. गुडघे दुखणारे आई-बाबा सोबत असतील तर वरच्या रस्त्यावरून बघून परत फिरा.

मासे खाणाऱ्यांनी मात्र माझा सगळा हिशोब बाजूला ठेवून बुसानलाच जावं. जागाल्चीत खाली मासा निवडायचा आणि वर बसून खायचा, वरच्यांचे बनवण्याचे पैसे वेगळे. कच्चं नको असेल तर आसपासच्या दुकानांत भाजलेला गोदुंगो मागा. तो आपल्या बांगड्याचाच चुलतभाऊ, नुसतं मीठ लावून भाजलेला. हिरव्या मिरचीचं वाटण नाही म्हणून चुकल्याचुकल्यासारखं होतं खरं, पण मासा ताजा असतो. गालची दिसला तर ओळखाल, आपल्या वाकटीच्याच घराण्यातला.

शाकाहाऱ्यांचं गणित उलटं. गांगनुंगच्या छोदांग भागात समुद्राचं पाणी घालून टोफू जमवतात. साधा सुनदुबू मागवलात की वाडग्यात गरम, पांढरा, नुकत्याच फाटलेल्या दुधासारखा दिसणारा टोफू येतो, खरवसाहून मऊ. वरून थोडा सोया सॉस आणि सोबत भात. लाल रश्शातला मात्र जपून घ्या. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मोठ्या आत्मविश्वासाने ‘गोगी नको’ म्हणाले, तरी वाडग्याच्या तळाशी दोन तिसऱ्या निघाल्या. दुकानातल्या आजींची काहीच चूक नव्हती. कोरियन बोलण्यात गोगी म्हणजे जनावराचं मांस. शिंपले-कोळंबी त्यात कुणी धरत नाही. किमचीतही बहुतेक वेळा मासळीचा अर्क असतोच. कडक शाकाहारी असाल तर दोन्ही शहरांत भडंग-चिवड्याची पिशवी सोबत असू द्या. बुसान मोठं असल्याने तिथे शोधलं तर भारतीय जेवण मिळून जातं.

गांगनुंगची गंमत अशी की तिथे ‘बघायचं’ फार नाही. स्टेशनवरून टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांत समुद्र. सिटी बस आहे, पण तिची वाट बघत सुट्टी घालवू नका. ग्यंगपोच्या किनाऱ्यामागे पाइनची झाडी आहे, आपल्याकडे किनाऱ्यावर सुरूचं बन असतं तशी, आणि तिच्या पलीकडे तळं. एप्रिलच्या सुरुवातीला तळ्याभोवती चेरी फुलते. आनमोकच्या किनाऱ्यावर एकेकाळी व्हेंडिंग मशीनची कॉफी प्यायला लोक जमायचे. आता तिथे ओळीने कॅफे आहेत. दुसऱ्या मजल्यावर खिडकीजवळची जागा मिळाली की दोन तास कुठे जातात कळत नाही. शिवाय ओजुखन हे जुनं घर बघून या. तिथे जन्मलेला विद्वान यी आय ५,००० वॉनच्या नोटेवर आहे आणि त्याची आई शिन साइमदांग ५०,०००च्या. आई आणि मुलगा दोघंही नोटांवर, त्यात आईची नोट दसपट मोठी!

कोकणात वाढलेल्यांना गांगनुंगचा समुद्र जरा परका वाटेल. भरती-ओहोटीचा फरक जेमतेम वीतभर, त्यामुळे पाणी सकाळ-संध्याकाळ तिथल्या तिथेच. आणि सूर्य समुद्रात बुडत नाही, समुद्रातून वर येतो. म्हणजे संध्याकाळी भेळ खात बसण्याऐवजी पहाटे उठायला हवं. पाणी गार असतं. पोहण्याचा मोसम जुलै-ऑगस्टपुरताच समजा, आणि तेव्हा खोल्यांचे दर डोक्याला हात लावायला लावतात. थंडीत बुसान बरं, तिथे बर्फ क्वचितच पडतो. गांगनुंगला मात्र भरपूर.

आई-बाबा पुण्या-नाशिकहून एकदाच यायचे असतील तर बुसानला तीन दिवस काढा आणि एक सकाळ शेजारच्या गिमहे शहराला द्या. बुसानच्या सासांग स्टेशनहून हलकी रेल्वे जाते. ‘सामगुक युसा’ या जुन्या ग्रंथातल्या कथेप्रमाणे अयुता देशाची राजकन्या समुद्रमार्गे आली आणि सुरो राजाची राणी झाली. त्या राणीची, हो ह्वांग-ओकची, समाधी तिथे आहे. बरेच जण अयुता म्हणजे अयोध्या मानतात. इतिहासाचा पुरावा मागू नका, पण माझ्या सासूबाई कुठल्याही किनाऱ्यापेक्षा तिथे जास्त वेळ बसल्या.

यसूही सुंदर आहे, पण सोलहून गाडीने तीन तासांच्या आसपास, दोन दिवसांत परवडत नाही. सोकछोला बसने जावं लागतं. सराक्सान डोंगर चढायचा असेल तरच.

गुगल मॅप्सवर विसंबू नका, रस्ता शोधायला नेव्हर मॅप (Naver Map) हे कोरियन अॅप घ्या. बस-मेट्रोचं टी-मनी कार्ड दोन्हीकडे चालतं. केटीएक्सची तिकिटं महिनाभर आधी सुटतात आणि रविवार संध्याकाळच्या गाड्या सगळ्यात आधी भरतात. परतीचं तिकीट हातात आल्याशिवाय खोलीचे पैसे भरू नका. आम्ही एकदा उलट केलं आणि रविवारी रात्री गांगनुंगहून सोलपर्यंत दाराजवळ उभ्याने आलो.