जपानी शिकायला घेताय? आधी कोणती लिपी गिरवायची?

पहिल्या आठवड्यात शिकणाऱ्यांच्या वह्या तीन तऱ्हेच्या दिसतात. कुणी ‘वाताशि वा’ असं सरळ देवनागरीत उतरवतं, कुणी तेच रोमन अक्षरांत म्हणजे रोमाजीत, तर कुणी पहिल्या दिवसापासून हिरागाना ही जपानीची उच्चारानुसार लिहायची अक्षरं घोटत बसतं.

देवनागरी की रोमाजी एवढाच प्रश्न असेल तर मराठी माणसाने देवनागरी घ्यावी. ‘किते’ म्हणजे ये आणि ‘कित्ते’ म्हणजे पोस्टाचं तिकीट. हे द्वित्त आपल्या कानाला आपोआप कळतं. जपानी ‘न’ही पुढच्या अक्षराप्रमाणे आवाज बदलतो, अगदी आपल्या अनुस्वारासारखा. रोमाजीत दीर्घ स्वर पुष्कळदा गाळले जातात. मग ‘ओबासान’ म्हणजे मावशी-काकू आणि ‘ओबाआसान’ म्हणजे आजी, दोघी एकाच स्पेलिंगात येऊन बसतात. संगणकावर टाइप करायला रोमाजी लागते, पण ती तेव्हा सहज जमते.

तरी देवनागरीचा मुक्काम फार लांबवू नका. वर लिहिलेल्या ‘वाताशि वा’त दोन्ही ‘वा’ आपण सारखेच लिहिले. हिरागानात मात्र पहिल्याला ‘वा’चं अक्षर, आणि दुसरा शब्दयोगी अव्ययासारखा प्रत्यय असल्यामुळे त्याला ‘हा’चं अक्षर, उच्चार तेवढा ‘वा’. देवनागरीत पाठ केलेली वाक्यं पुढे अशी एकेक करून दुरुस्त करावी लागतात. शिवाय जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत देवनागरी मदतीला येत नाही.

आता हिरागाना की काताकाना, म्हणजे परदेशी शब्द ज्यात लिहितात ती दुसरी अक्षरं? मूळ अक्षरं दोन्हीकडे ४६ आणि उच्चार तेच. क्रमही ओळखीचा वाटेल: आ, इ, उ, ए, ओ आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. बौद्ध भिक्षूंबरोबर गेलेल्या संस्कृत वर्णमालेचा हा वारसा. परीक्षा किंवा नोकरीसाठी शिकत असाल तर हिरागाना आधी, यात दुमत नको. प्रत्यय, क्रियापदांची रूपं, सगळं व्याकरण त्यातच चालतं. पण दोन आठवड्यांच्या सहलीला निघाला असाल तर मी उलटं सांगेन. काताकाना आधी शिका. ‘कोओहिइ’ (कॉफी), ‘तोइरे’ (टॉयलेट), ‘रेसुतोरान’ (रेस्टॉरंट) वाचता आलं की अर्थ इंग्रजीमुळे आयता हाती येतो. हिरागाना वाचता आली तरी शब्द माहीत नसेल तर उपयोग काय? काताकानातली ‘शि’ आणि ‘त्सु’ मात्र छळतात. ‘शि’च्या दोन छोट्या रेघा जवळजवळ आडव्या, ‘त्सु’च्या उभ्या.

कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेली अर्थवाही चिन्हं, शिकण्याचे दोन पंथ आहेत: सुटी चिन्हं पाठ करणारे आणि शब्दांतून शिकणारे. नित्य वापराच्या अधिकृत यादीत २,१३६ कांजी आहेत, त्यामुळे सुट्या पाठांतराचा मोह समजू शकतो. पण रविवार, म्हणजे ‘निचियोओबि’, घ्या. पहिलं आणि शेवटचं चिन्ह एकच, ‘दिवस-सूर्य’ अर्थाचं. पहिल्या जागी वाचायचं ‘निचि’, शेवटी ‘बि’. सुटं पाठ करून यातला कोणता उच्चार कुठे हे कसं कळणार? शब्द घ्या, उच्चार त्याच्याबरोबर येतो.

हाताने लिहायचं किती? जेएलपीटीत पर्याय निवडायचे असतात, कांजी लिहायला सांगत नाहीत. तरी वाट पाहणे आणि हातात धरणे या दोन क्रियापदांच्या कांजी शेजारी शेजारी लिहून बघा. उजवा भाग दोन्हींत तोच, देवळाचा. फरक फक्त डावीकडे. अशा जुळ्या जोड्या तेवढ्या गिरवा, बाकीच्या वाचता आल्या तरी सुरुवातीला पुरे.