मालवण-तारकर्ली: दुखऱ्या गुडघ्यांच्या हिशेबाने

आईचं वय ७४. दोन्ही गुडघे गेलेले, गळ्यात तुळशीची माळ, आणि समुद्र जन्मात पाहिलेला नाही. पंढरपूरची चंद्रभागा आणि इकडे उजनी, एवढंच तिचं पाणी. गड्ड्याची जत्रा उरकली होती, लग्नाच्या ब्लाउजांची घाई सुरू व्हायला आठवडा होता, म्हणून दुकानाला कुलूप लावलं आणि भाऊ, वहिनी, अकरा वर्षांचा भाचा, आई आणि मी असे पाच जण गाडीत बसलो. सोलापूर, कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट, कणकवली, कसाल, मालवण. घाटात आईच्या तोंडात आल्याची वडी होती, तरी एकदा गाडी थांबवावी लागलीच.

निघण्याआधी मी मोबाइलवर बरंच वाचलं होतं. वाळू पांढरी आहे, पाणी निळं आहे, सूर्यास्त सुंदर आहे, हे सगळ्यांनी लिहिलंय. जेट्टीवरून बोटीत उतरताना पाय किती खाली टाकावा लागतो, हे एकानेही लिहिलेलं नाही. म्हणून ते मी लिहिते.

सिंधुदुर्गाला मालवणच्या जेट्टीवरून बोट जाते. पल्ला दहा-पंधरा मिनिटांचाच. खरी परीक्षा पहिल्या पावलाची. बोट लाटेबरोबर वर येते तेव्हा पाय टाकायचा. खाली गेली की मध्ये दीड-दोन फुटांची पायरी पडते. आई काठावर उभी राहून "नको गं, मी इथंच बसते, तुम्ही या जाऊन" म्हणायला लागली. बोटवाला पन्नाशीचा, काळाकभिन्न. त्याने तिच्याशी वाद घातला नाही. एक पाय बोटीत, एक जेट्टीवर ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "आजये, भियाव नको, पाय हयसर ठेव." हयसर म्हणजे त्याच्या स्वतःच्या मांडीवर. आईने ठेवला. पुढच्या लाटेला ती बोटीत होती. चार दिवसांत मला मिळालेली सगळ्यात चांगली सेवा हीच, आणि तिचं तिकीट नव्हतं.

किल्ल्याच्या बाजूला उतरल्यावर दार दिसत नाही. दोन बुरुजांच्या वळणात ते असं लपवलंय की अगदी जवळ जाईपर्यंत समोर नुसती भिंतच. दारातून आत गेलं की महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा चुन्यात जपलेला आहे. आत बरीचशी वाट सपाट आहे, आई काठी टेकत शिवराजेश्वराच्या देवळापर्यंत गेली. राजाराम महाराजांनी बांधलेलं हे देऊळ, आत शिवाजी महाराजांचीच मूर्ती. पण नेहमीची दाढी नाही. आई बराच वेळ बघत राहिली, मग माझ्या कानात म्हणाली, "हे तरुणपणीचे असतील." मी हो म्हटलं.

बोटवाले साधारण तासाभराचा वेळ देतात. किल्ला ४८ एकरांचा, तटाचा फेरा तीनेक किलोमीटरचा, तासात काय होणार? आमच्या भावाने आधीच बोलून ठेवलं होतं की आम्ही नंतरच्या फेरीने येऊ, त्यामुळे बरं झालं. तुम्हीही पैसे देण्याआधी बोला. तटावर मी आणि भाचा गेलो. पश्चिमेकडे नुसता समुद्र, आणि खाली दगडांवर लाट फुटली की पायाखाली हादरा जाणवतो. २५ नोव्हेंबर १६६४ ला पाया घातला, तेव्हा पायात शिसं ओतलं होतं, असं वहिनीने गूगलवरून वाचून दाखवलं. भाच्याने विचारलं, "आत्या, एवढं शिसं समुद्रात आणलं कसं?" बोटीतून, आणखी कसं. पण त्याने विचारल्यावर मला ते पहिल्यांदा डोळ्यांपुढे आलं. २०२५ च्या जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यातला हा एक.

आईला मात्र भावल्या त्या विहिरी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधे गोडं. सोलापुरात आमच्या गल्लीत नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे ती विहिरीपाशी हात जोडून उभी राहिली. देवळात जोडले त्यापेक्षा जास्त वेळ.

आता स्कूबा, म्हणजे अंगावर हवेचा सिलिंडर आणि तोंडात नळी घेऊन पाण्याखाली जायचं. हे मी करणार नव्हते. मला पोहता येत नाही, वय ४९. पण भाऊ आधीच फोनवर पैसे भरून बसला होता. फोनवरच्या माणसाने माणशी बाराशे, सगळं धरून, असं सांगितलं. तिथे गेल्यावर व्हिडिओचे वेगळे, बोटीचे वेगळे, असं करत सोळाशेला पडलं. पावती मागितली तर हसला. फॉर्मवर बीपी, दमा, कानाचा त्रास असे रकाने होते; सह्या घेतल्या, वाचलं कुणी नाही. भावाला बीपीची गोळी आहे. मीच त्याला काठावर बसवला. तो रुसला, रुसू दे.

माझा धंदा शिलाईचा, त्यामुळे माझी नजर आधी कपड्यावर जाते. रबरी सूट दिला त्याची बगलेतली शिवण उसवलेली होती. त्याचं फार बिघडत नाही, थोडं पाणी शिरतं एवढंच. पण लाइफ जॅकेटचं तसं नाही. तीन पट्ट्यांपैकी एकीचं बक्कल तुटलेलं, तिथे सुतळीची गाठ. दुसऱ्या जॅकेटला पट्टा जिथे कापडाला जोडतात तिथली टीप निम्मी सुटलेली. ओढून बघितलं, हातात आलं असतं. मी बदलून मागितलं, त्यांनी कुरकुर न करता दिलं. मागणारा कोणी नसतो, म्हणून जुनं चालून जातं. तुम्ही घालण्याआधी प्रत्येक पट्टा एकदा जोरात ओढा. मुलांचा तर दोनदा.

पाण्यात नेणारा पोरगा मात्र नंबर एक. बावीस-तेवीसचा असेल. आधी बोटीच्या कडेला धरून दहा मिनिटं तोंडाने श्वास घ्यायला शिकवलं. कान दुखला की नाक चिमटीत धरून हळू फुंकायचं. श्वास कधीच कोंडून धरायचा नाही, वर येताना तर नाहीच. आणि खुणा. अंगठा वर केला की त्याचा अर्थ 'मला वर घ्या'. 'ठीक आहे' म्हणायचं तर अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल करायचा.

हे मला नीट समजलं होतं. तरी खाली गेल्यावर, पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले मासे तोंडासमोरून गेले तेव्हा मी आनंदाने काय केलं असेल? अंगठा वर. त्याने मला लगेच वर आणलं. "काय झाला, ताई?" काही नाही झालं रे बाबा, आवडलं मला! परत खाली.

पोवळी फोटोतल्यासारखी लाल-निळी नव्हती. भुरकट, तपकिरी, वाळलेल्या फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी. मासे पुष्कळ होते, पण पोराने मुठीतून पाव सोडला तेव्हाच ते झुंबड करून आले, पिंडाला कावळे यावेत तसे. इथल्या समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. अशा जागी माशांना पाव घालणं मला पटलं नाही, आणि वर आल्यावर मी त्याला तसं बोलले. तो म्हणाला, पाव नसला तर व्हिडिओत मासे येत नाहीत, मग लोक पैसे द्यायला कटकट करतात. म्हणजे आपल्यावरच आलं.

पण खरं सांगू? मला मासे नाही, आवाज आठवतो. खाली फक्त आपला श्वास आणि बुडबुडे. पंचवीस वर्षं मशीनच्या खडखडाटात बसलेल्या बाईला ती दहा मिनिटं सोळाशेला महाग नाहीत. स्कूबा करा, डिसेंबर ते फेब्रुवारीत करा, पाणी तेव्हा नितळ असतं. चिपीहून विमानाने परतणार असाल तर त्याच दिवशी करू नका, निदान आदल्या दिवशी सकाळी उरका. पाण्याखालून येऊन लगेच विमानात बसणं शरीराला धोक्याचं असतं. गुडघ्यांचं म्हणाल तर पाण्यात गुडघे दुखत नाहीत, पण बोटीची शिडी चढताना अंगावर सिलिंडर असेल तर मेलात. आधी तो उतरवून घ्यायला सांगा.

जेट स्की, बनाना बोट वगैरे भाच्याने केलं. बनाना बोट शेवटी मुद्दाम उलटी करतात, हे आधी सांगत नाहीत. मूल घाबरट असेल तर बसवू नका. एवढंच.

तारकर्लीच्या पुढे देवबागला आम्ही राहिलो, एका घरगुती न्याहारी निवासात. देवबाग म्हणजे एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला कर्ली नदी, आणि मधे जेमतेम रस्ता, घरं आणि माड. नदीच्या बाजूने बोटी सुटतात, आणि आईसाठी ही फेरी सगळ्यात सोयीची. नदीचं पाणी शांत, बोट काठाला टेकते, प्लास्टिकचा स्टूल ठेवतात, घोट्याएवढ्या पाण्यातून चढायचं. नदी समुद्राला मिळते तो संगम, पुढे भोगव्याचा किनारा, निवतीचा किल्ला लांबून. सकाळी लवकर निघालात तर डॉल्फिन दिसतात. आम्हाला तीन पाठी दिसल्या, करड्या, क्षणभर. उड्या वगैरे नाहीत. आई म्हणाली, "म्हशी डुंबल्यासारखं दिसतंय की." त्सुनामी आयलंड म्हणून नदीत वाळूचा पट्टा आहे, तो भरतीला बुडतो, म्हणून ओहोटीची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा. रोज ती पाऊण-एक तासाने पुढे सरकते. आम्ही पोहोचलो तेव्हा तिथे घोटाभर पाण्यात भजी-चहाच्या टपऱ्या उभ्या होत्या. आईने खुर्ची पाण्यात ठेवून चहा घेतला आणि तासभर उठली नाही. मे संपता संपता या सगळ्या बोटी बंद होतात त्या पावसाळा सरेपर्यंत, तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीचं शेवटपर्यंत ढकलू नका.

जेवणाची मला धास्ती होती. मालवणात माळकरी बाई खाणार काय? डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घेतलेली. न्याहारी निवासाच्या काकूंनी पहिल्याच दिवशी एकच विचारलं, "कांदो-लसूण चलता?" नाही म्हटल्यावर त्यांनी आईचं वेगळं पातेलं काढलं आणि चार दिवस ते वेगळंच ठेवलं. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या. घावणे आणि गूळ घातलेला नारळाचा रस. सोलकढी बिनलसणीची. आईने घावणा उलटून-पालटून बघितला, जाळी बघून म्हणाली, "आपल्या धिरड्याला अशी येत नाही." काकू खूश. आम्ही बाकीचे तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं खात होतो, पण खरं तर माझा हात आईच्या ताटाकडे जात होता. मालवण गावात एका खानावळीत गेलो तिथे मात्र तळणाचं तेल एकच होतं, विचारलं म्हणून कळलं. माळकरी सोबत असेल तर हॉटेलांच्या भानगडीत पडू नका, घरगुती बघा.

शेवटच्या दिवशी पहाटे किनाऱ्यावर रापण ओढत होते. होडीने समुद्रात अर्धगोल जाळं टाकून येतात आणि मग दोन्ही टोकांचे दोर धरून दोन रांगा ते काठावर ओढतात. तासभर चालतं. आईसाठी खुर्ची नेली होती. ती बसली, बघितलं, आणि मी भाच्याचा फोटो काढत होते तेवढ्यात उठून दोराला लागली. पुढच्या म्हातारीने काही न बोलता जागा करून दिली. आईचे पाय वाळूत रुतलेले, पदर खोचलेला, रांगेबरोबर मागे मागे सरकतेय. गुडघ्यांचं काय झालं होतं देव जाणे. जाळं जवळ आलं आणि आत चांदीसारखं फडफडायला लागलं तेव्हा तिला कळलं आपण काय ओढतोय. दोर सोडला, "विठ्ठला" म्हणून कान धरले. मग पाच मिनिटांनी त्याच म्हातारीला विचारते, "आज बरे मिळाले का?"

दोर ओढणाऱ्याला वाटा मिळतो. म्हातारीने पिशवीत चार बांगडे घालून आईच्या हातात दिले. आईने पिशवी हात लांब करून, दोन बोटांनी धरून घरापर्यंत आणली आणि वहिनीला दिली. दुपारी आम्ही जेवायला बसलो तर म्हणते, "माझ्या मजुरीचे आहेत. टाकू नका, नीट खा."

राहिला तो स्कूबाचा व्हिडिओ. त्याचे पैसे वेगळे दिलेले. दोन दिवसांत पाठवतो म्हणाले, नवव्या दिवशी व्हॉट्सॲपवर आला, तोही चार फोन केल्यावर. बाई आहे, काळा सूट आहे, तोंडात नळी, डोळ्यांवर चष्मा, मासे भरपूर. फक्त तिच्या हातात हिरव्या बांगड्या आहेत. मी काचेच्या बांगड्या घालत नाही, मशीनवर फुटतात. परत फोन केला तर उचलत नाहीत.

आई मात्र तो व्हिडिओ भजनी मंडळातल्या सगळ्या बायकांना दाखवून आली. मी तिला बांगड्या दाखवल्या. ती म्हणाली, "पाण्यात तसंच दिसतं."