एकदमच दोन मजले मंजूर करून घ्यावेत की आता तळमजला, वरचा पुढे?

प्लॉट घेतला, मोजणी झाली, नकाशा काढायला दिला की इंजिनिअर पहिल्याच बैठकीत विचारतो, "वरचा मजला आत्ताच टाकायचा का फाइलीत?" आपल्या खिशात तळमजल्यापुरतेच पैसे असतात, त्यामुळे तोंडातून सहज निघतं, "नको, बघू पुढे." मीही एकदा असंच म्हणालो होतो.

दोन्ही प्रकार मी केलेत. वडिलांच्या घराचा तळमजला 2009 मध्ये मंजूर झाला आणि वरच्या मजल्याचा प्रस्ताव 2021 मध्ये टाकला. स्वतःच्या घराला 2023 मध्ये एकाच फटक्यात दोन्ही मजल्यांची परवानगी घेतली आणि बांधला फक्त तळमजला. दोन्ही घरं नगरपरिषद हद्दीतली. मुंबईचे नियम वेगळे आहेत, त्याबद्दल मी बोलत नाही. प्लॉट 150 चौरस मीटरच्या आतला असेल तर परवानगीचं काम मुळातच हलकं झालंय, तिथे हा प्रश्न एवढा छळत नाही.

पैशाचं आधी उरकतो. एकदम मंजुरी घेतली की विकास शुल्क आणि, लागू असेल तर, बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठीचा कामगार उपकर वरच्या मजल्यासकट आजच भरावे लागतात. उपकर बांधकाम खर्चाच्या एक टक्का. जो मजला कदाचित कधीच होणार नाही त्याचं चलन भरताना हात जड होतो, हे मान्य. पण विकास शुल्क रेडीरेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या बाजारमूल्याच्या, दरावर निघतं आणि तो दर सहसा खाली येत नाही. बारा वर्षांनी भरलेली रक्कम पाहून वडील बराच वेळ काही बोलले नव्हते. तरीही निव्वळ पैशाच्या हिशोबात मी कुणा एकाच्या बाजूने छातीठोक बोलणार नाही. तेच पैसे आज तुम्हाला स्लॅबला लागणार असतील तर गणित उलटतं.

थांबण्यात फायदाही असू शकतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. डिसेंबर 2020 मध्ये एकीकृत नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, आली आणि बऱ्याच गावांतलं चटईक्षेत्राचं, म्हणजे प्लॉटवर एकूण किती बांधता येतं त्याचं, गणितच बदललं. पूर्वी अनेक ठिकाणी जिना, बाल्कनी चटईक्षेत्रात धरत नसत. आता धरतात, पण त्यापोटी निवासी बांधकामाला 60 टक्क्यांपर्यंत ॲन्सिलरी एफएसआय, म्हणजे जादा चटईक्षेत्र, अधिमूल्य (वेगळं शुल्क) भरून मिळतो. आमच्या वडिलांना 2009 च्या हिशोबाने वर जेवढं मिळालं असतं, त्यापेक्षा 2021 मध्ये एक खोली जास्तच बसली. म्हणजे टप्प्याटप्प्याने जाणाऱ्याला नियम बदलल्याचा लाभही होतो. उद्या तो उलट बाजूने बदलणार नाही याची हमी मात्र कोण देणार?

आता ज्या एका गोष्टीने माझा कल ठरला ती.

2021 मध्ये आम्ही वरचा मजला मागायला गेलो आणि सहा महिने खालचा मजला सिद्ध करत बसलो. नव्या प्रस्तावात जुनं बांधकाम 'अस्तित्वातील' म्हणून दाखवावं लागतं. दाखवलं की ते जुन्या मंजूर नकाशाशी ताडून पाहतात. आमचा 2009 चा नकाशा कागदावर, घडीवर फाटलेला, आणि आता फाइल ऑनलाइन. इंजिनिअरने तळमजला पुन्हा मोजून संगणकावर काढला तेव्हाच लक्षात आलं की उत्तरेकडचं सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून सोडायची मोकळी जागा, नऊ इंच कमी भरतंय. गवंड्याने दोरी सरकवली होती की गिलाव्यात गेलं, देव जाणे. मागच्या बाजूला आईने धुण्यासाठी पत्र्याची शेड टाकून घेतली होती, ती तर कुठल्याच नकाशात नव्हती. टेप घेऊन आलेल्या माणसाने वरच्या मजल्याकडे मान वर करूनही पाहिलं नाही, थेट शेडकडे गेला. त्याचं काही चुकलं असंही नाही.

त्रुटी निघाली. पूर्तता केली. दुसरी निघाली: जुनं भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे घर मंजुरीप्रमाणे पूर्ण होऊन वापरायला योग्य असल्याचा दाखला, कुठाय? ते आम्ही घेतलंच नव्हतं. नळ जोडला गेला, घरपट्टी लागली, मग त्या कागदाची आठवण कोण ठेवतो! शेवटी शेड पाडली, नऊ इंचांची चूक नियमित करून घ्यायला तडजोड शुल्क भरलं, पायाच्या भक्कमपणाचा स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला जोडला, आणि मग कुठे वरच्या मजल्याचा विषय निघाला. आईने शेडबद्दल वर्षभर ऐकवलं.

एकदम मंजुरीत ही झडती टळते असं नाही. भोगवट्याच्या वेळी ती होतेच. पण तेव्हा घर ताजं असतं, गवंडी फोन उचलतो, इंजिनिअर तोच असतो आणि चूक इंचात असते. बारा वर्षांत माणूस घरात काय काय वाढवतो हे ज्याचं त्याने आठवून पाहावं.

एकदम मंजुरीला लोक बिचकतात ते मुदतीमुळे. "वर्षाने परवानगी संपते ना?" एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम 48 प्रमाणे प्रारंभ प्रमाणपत्र (बांधकाम सुरू करायची परवानगी) एक वर्षाचं असतं आणि वर्षावर्षाने जास्तीत जास्त तीन वर्षं वाढवता येतं, हे खरं. पण यूडीसीपीआरमध्ये अशी तरतूद आहे की काम मुदतीत सुरू झालं असेल तर नूतनीकरण लागत नाही, काम पूर्ण होईपर्यंत परवानगी चालते. काम सुरू झालं म्हणजे नुसता नारळ फोडून चालत नाही, जोत्यापर्यंत यायला लागतं. म्हणून जोत्याचा दाखला वेळेत घेऊन तो जपून ठेवा. माझ्या बाबतीत कार्यालयातल्या एकाने आधी नूतनीकरणाचा अर्ज मागितलाच होता. दाखला पुढे ठेवल्यावर विषय मिटला. तुमच्याकडे इतक्या सहज मिटेल असं मी म्हणत नाही, पण हातात कागद असलेला बरा.

तळमजल्यापुरतं भाग भोगवटा प्रमाणपत्र मिळतं आणि घरपट्टी तेवढ्याचीच लागते. मात्र फाइल बंद होत नाही. उघड्या फाइलीचं ज्यांना ओझं वाटतं त्यांनी याचा विचार करावा. घर विकायचा विचार असेल तर अर्धवट मंजुरीमुळे गिऱ्हाईक चार प्रश्न जास्त विचारतं.

शिवाय वरचा मजला कुणाचा, हेच ठरलेलं नसेल, भावाभावांत वाटणीचा विषय अजून झालेला नसेल, तर आज वरचा नकाशा काढण्यात अर्थ नाही. भावजयीला स्वयंपाकघर पूर्वेला हवं असतं आणि मग सुधारित मंजुरी आलीच. सुधारित मंजुरी म्हणजे पुन्हा खालचा मजला दाखवा. अशांनी तळमजल्यापुरतंच घ्यावं. फक्त पाया आणि कॉलम दोन मजल्यांचे डिझाइन करून घ्या आणि भोगवटा त्याच वर्षी पदरात पाडून घ्या. आमच्या वडिलांनी एवढं केलं असतं तर निम्मा त्रास वाचला असता.

बाकीच्यांना, म्हणजे वर चढायचं नक्की आहे पण कधी ते ठाऊक नाही अशांना, मी विचारल्याशिवाय सल्ला देत नाही. विचारलं तर दोन्ही मजले टाका म्हणतो.

माझ्या घराचा वरचा मजला अजून झालेला नाही. कॉलमच्या सळया गच्चीवर उभ्या आहेत, गंज लागू नये म्हणून त्यांना सिमेंटचा लेप दिलाय. मागच्या बाजूला धुण्याच्या जागेवर पत्रा टाकायचं दरवर्षी पावसाळ्याआधी घरात निघतं. मी अजून तरी हो म्हटलेलं नाही.