दुकानाची पाटी ‘परवानगीसह’ लावून देणाऱ्यांपासून सावध राहा

दुकानाचं फर्निचर होत आलं, उद्घाटनाची तारीख ठरली, की पाटी बनवणारा हमखास म्हणतो, “साहेब, परवानगीचं आमच्याकडे लागलं. तुम्ही फक्त आधार, शॉप ॲक्ट आणि भाडेकरार द्या.” बिलात एसीपी शीट, अक्षरं, अँगल, फिटिंग असं सगळं वेगवेगळं लिहिलेलं असतं आणि शेवटी ‘महापालिका खर्च’ असा एक मोघम आकडा. दुकानदार फसतो तो इथेच. कळतं मात्र पुढे, अतिक्रमण विभागाची गाडी दारात आल्यावर.

या मोघम आकड्याच्या बदल्यात हातात काय येतं? बहुतेक वेळा अर्जाची झेरॉक्स, तिच्या कोपऱ्यात महापालिकेचा गोल किंवा चौकोनी शिक्का. दुकानदार ती लॅमिनेट करून गल्ल्यामागे लावतो. तो शिक्का खराही असतो, पण तो आवक शिक्का असतो. टपाल शाखेत कोणीही काहीही अर्ज दिला तरी तो मिळतो. अर्ज पोहोचला, एवढाच त्याचा अर्थ. परवानगीपत्र ओळखायचं ते जावक क्रमांकावरून. त्यावर फलकाची जागा, लांबी-रुंदी, प्रकाशित की अप्रकाशित, मुदत कधीपासून कधीपर्यंत आणि अधिकाऱ्याची पदनामासह सही असते, शुल्क भरल्याची पावती किंवा चलन सोबत असतं. यातलं एखादं जरी नसलं तरी पूर्ण पैसे देऊ नका.

यापेक्षाही वाईट प्रकार म्हणजे जिथे परवानगी लागतच नाही तिथे ती विकणं. मुंबईत मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ची कलमं ३२८ आणि ३२८अ लागू आहेत, राज्यातल्या बाकीच्या महापालिकांत महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाची कलमं २४४ आणि २४५. दोन्हीकडे मांडणी जवळपास सारखीच. ज्या जागेत धंदा चालतो त्याच जागेवर, त्याच धंद्याची, दिवे नसलेली जाहिरात असेल तर या जाहिरात-कलमांखाली लेखी परवानगीची गरज नाही. आतून किंवा बाहेरून दिवे लावले, ग्लो साईन किंवा एलईडी अक्षरं बसवली, की परवानगी हवीच. गच्चीवर सांगाडा उभारून लावलेला, रस्त्यावरून पाहताना आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारा फलक म्हणजे आकाशचिन्ह. त्याला वेगळी लेखी परवानगी लागते आणि ती एका वेळी दोन वर्षांपेक्षा जास्त मुदतीची देता येत नाही. कोणी ‘कायमचा परवाना’ काढून देतो म्हणाला, तर त्याला तिथेच थांबवा.

एजंट याच्या बरोबर उलट करतात. साध्या रंगवलेल्या पाटीवाल्याकडून परवानगीचे पैसे घेतात आणि ग्लो साईनवाल्याला सांगतात, “स्वतःच्या दुकानाची आहे ना, मग काही लागत नाही.” पहिला फुकट पैसे घालवतो, दुसऱ्याचा फलक उतरवला जातो. म्हणून पाटीची ऑर्डर देण्याआधी स्वतः वॉर्ड ऑफिसात किंवा आकाशचिन्ह व परवाना विभागात जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात : माझ्या प्रकारच्या फलकाला परवानगी लागते का, उंची आणि पुढे येण्याची मर्यादा किती, चालू वर्षाचा दर काय. दर शहरागणिक वेगळा असतो, त्यामुळे शेजारच्या शहरातल्या मित्राने सांगितलेला आकडा धरून चालू नका.

दर चौरस मीटरचा आहे की चौरस फुटाचा, हे लेखी पाहा. समजा, पाटी १५ फूट बाय ३ फूट आहे. म्हणजे ४५ चौरस फूट किंवा सुमारे ४.१८ चौरस मीटर. चौरस मीटरचा दर ४५ने गुणून हिशेब केला की रक्कम जवळजवळ पावणेअकरा पट होते. महापालिकेचं चलन बरोबर निघतं आणि वरचे सगळे पैसे एजंटच्या खिशात जातात. याच्या उलटही चालतं. तुमच्याकडून ४५ फुटांचे पैसे घ्यायचे आणि अर्जात १० बाय २ लिहायचं. तपासणीत मोजमाप झालं की जास्तीचा भाग विनापरवाना ठरतो आणि नोटीस तुमच्या नावाने येते. चलनावरचं क्षेत्रफळ आणि भिंतीवरची पाटी टेप लावून जुळवून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते कोणी करत नाही याचं वाईट वाटतं.

कंपनीकडून मिळणारा फुकट बोर्ड हाही असाच. वितरक शीतपेयाचा किंवा मोबाईलचा भलामोठा दिव्याचा बोर्ड देतो, कोपऱ्यात दुकानाचं नाव. “परवानगी कंपनीची आहे” असं तोंडी सांगतो. फलक काढण्याची नोटीस जागेच्या मालकाला किंवा ताबेदारालाही देता येते, आणि वितरक तोवर बदललेला असतो. कंपनीच्या लेटरहेडवर परवानगीची प्रत आणि शुल्काची जबाबदारी लिहून मागा. नाही दिली तर बोर्ड घेऊ नका.

गच्चीवरच्या किंवा जड फलकासाठी स्ट्रक्चरल इंजिनियरचं प्रमाणपत्र लागतं, आणि इथली बनवाबनवी जिवावर बेतते. एकाच प्रमाणपत्रावर पत्ता बदलून ते दहा ठिकाणी वापरलं जातं. इंजिनियरचा नोंदणी क्रमांक महापालिकेच्या यादीत पाहा, त्यांना स्वतः फोन करून जागा पाहिली का ते विचारा. प्रमाणपत्रात काँक्रीट बीमला अँकर फास्टनर (आत रुतवून घट्ट केलेले बोल्ट) लिहिलेले आणि प्रत्यक्षात फलक गच्चीच्या विटांच्या कठड्यावर टांगलेला असेल, तर तो कागद खोटा. १३ मे २०२४ला घाटकोपरला कोसळलेल्या महाकाय होर्डिंगखाली १७ माणसं गेली. त्यानंतर तपासण्या वाढल्या आणि त्यांच्या आडून तोतये ‘तपासनीस’ही फिरू लागले.

असाच तोतया मराठी पाटीच्या नावानेही येतो. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाईल, “कोर्टाची मुदत संपली, एक लाख दंड आहे, पंचवीस हजारांत मिटवू.” सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ला दिलेली दोन महिन्यांची मुदत संपली, हे खरंच. दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७च्या कलम ३६अ प्रमाणे नाव मराठीत देवनागरी लिपीत, सुरुवातीला, आणि इतर भाषेच्या अक्षरांपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत हवं, हेही खरं. पण याच कायद्यात एकूण दंडाला कामगारामागे २,००० रुपयांची मर्यादा आहे. तीन कामगारांच्या दुकानाला ६,०००च्या वर दंड होऊच शकत नाही. त्यामुळे वैयक्तिक क्यूआर कोडवर पैसे कधीच टाकू नका. तपासणीचा शेरा किंवा नोटीस लेखी मागा, नाव आणि पद लिहून घ्या, वॉर्ड ऑफिसच्या दुकाने खात्यात फोन करा. व्हॉट्सॲपवर ‘परवाना नूतनीकरण’ म्हणून आलेली एपीके फाईल, म्हणजे मोबाईलमध्ये ॲप बसवणारी फाईल, उघडू नका.

पैसे गेलेच असतील तर ऑनलाईन व्यवहारासाठी लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते. खऱ्याच कर्मचाऱ्याने लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४. तोतया असेल किंवा कागद बनावट असेल तर पोलिसांत भारतीय न्याय संहितेची कलमं ३१८, २०४ आणि ३३६ सांगून लेखी तक्रार द्या, पोच घ्या.

परवानगी खरी की खोटी, याबद्दल शंका असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज हा स्वस्त उपाय. जोडपत्र ‘अ’, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, आणि मजकूर एवढाच : “अमुक जावक क्रमांकाच्या, अमुक दिनांकाच्या पत्राची व त्यासोबतच्या शुल्क चलनाची साक्षांकित प्रत द्यावी.” तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ‘अशी नोंद आढळत नाही’ असं लेखी आलं, तरी तोच कागद पोलिसांत पुरावा म्हणून जोडता येतो.