अँपिअर उतरले, बिल नाही

मे महिन्याचं बिल ३१८ युनिटचं आलं आणि घरात कूलरवरून रोजची कुरबुर सुरू झाली. १०० युनिटच्या पुढे दर चढतो, ३०० ओलांडले की आणखी, हे आमच्या करमाळ्यात आता शाळकरी पोरांनाही पाठ आहे. नेमके तेव्हाच दोन तरुण दारात उभे. गळ्यात ओळखपत्र, हातात वायरीतला करंट मोजणारा क्लॅम्प मीटर. "काका, बिल कमी करणारा डबा आहे. आधी बघा, पटलं तरच पैसे द्या."

बघितलं. त्यांनी पाण्याची मोटर चालू करायला लावली आणि बोर्डात येणाऱ्या वायरीला त्या मीटरचा चिमटा अडकवला. ३.२ अँपिअर. मग शेजारच्या सॉकेटमध्ये एक पांढरा डबा खोचला. हिरवा दिवा लागला आणि आकडा २.५ वर उतरला. माझ्या डोळ्यांदेखत! दीड हजार मोजून दिले.

पुढचं बिल आलं २३१ युनिटचं. मग काय, मी गल्लीभर सांगत सुटलो. माझ्या शब्दावर तीन घरांनी डबे घेतले, त्यात मेहुणीचंही घर. जूनमध्ये पाऊस पडून कूलर बंद झाला होता, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

ऑगस्टमध्ये बोर्ड दुरुस्त करायला आलेला वायरमन डबा बघून हसला आणि मला मीटरपाशी घेऊन गेला. मीटरवर बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. आमच्या मीटरवर ३२०० हा आकडा छापलाय. म्हणजे दिवा तितक्यांदा लुकलुकला की एक युनिट पडलं. घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त मोटर चालवली, मोबाइलवर मिनिट लावलं. डबा काढून मोजले, २९. डबा लावून मोजले, २९. मला पटेना म्हणून पुन्हा मोजले. तेच.

डबा उघडला. आत पंख्याला असतो तसला कपॅसिटर आणि दिव्याची चिमुकली पट्टी. मोटर कामाला लागणाऱ्या विजेखेरीज थोडा करंट नुसताच ओढते आणि परत सोडते. तो जागच्या जागी कपॅसिटर पुरवतो, म्हणून चिमट्यातला आकडा खरंच उतरतो. पण घरगुती बिलाचं युनिट त्या करंटवर पडतच नाही, ते पडतं प्रत्यक्ष खर्च झालेल्या विजेवर. कारखान्याच्या बिलात पॉवर फॅक्टरचा, म्हणजे अशा नुसत्या ये-जा करणाऱ्या करंटचाही, हिशोब असतो, तिथे कपॅसिटर कामाचा. आपल्या घरी त्याचा छदामही फायदा नाही. त्या पोरांनी आकडा खोटा दाखवलाच नव्हता, फक्त भलताच आकडा दाखवला. तुमच्या दारात कुणी चिमटा घेऊन आलं, तर त्याला आधी मीटरसमोर उभं करा आणि लाल दिवा मोजायला लावा.

पावतीवरचा नंबर बंद आहे. दोन घरांचे पैसे मी खिशातून दिले. मेहुणी पैसे घेईना. डबा तेवढा पिशवीत घालून परत पाठवला.