लेकरासाठी घरी ऑक्सिजन मशीन: होळीपासून धानाच्या मळणीपर्यंतचा अनुभव

लहान मुलासाठी घरी ऑक्सिजन मशीन घ्यायचं ठरलं असेल, तर मशीनची कंपनी नंतर बघा. आधी दोन गोष्टींची चौकशी करा. मिनिटाला शून्य ते एक लिटरचा, लहान मुलांचा फ्लोमीटर, म्हणजे ऑक्सिजनचा प्रवाह मोजणारा काटा, मिळतो का? आणि तुमच्या गावात लाईन गेली की किती वेळानं येते? आमच्याकडे होळीच्या सुमारास मशीन आलं, आता धानाची मळणी आटोपत आलीय. एवढ्या दिवसांत मशीननं फारसा त्रास दिला नाही. जो काही त्रास झाला तो त्याच्या अवतीभवतीच्या गोष्टींचा.

आमचा मुलगा सहा वर्षांचा, सिकलसेल, एसएस, म्हणजे आईबाप दोघांकडून आलेला पूर्ण आजार. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात हा आजार कोणाला समजावून सांगावा लागत नाही. इथं लोक सरळ विचारतात, एएस, म्हणजे नुसता वाहक, आहे की एसएस? त्यात याचे टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड इतके वाढलेले की झोपेत श्वास अडायचा. मान मागं टाकून, तोंड उघडं ठेवून झोपायचा, उशी घामानं भिजायची. घोरता घोरता एकदम शांत, आणि मग हुंदका दिल्यासारखा श्वास. नागपूरला स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी, केली तर पहाटेच्या झोपेत रक्तातला ऑक्सिजन 83 टक्क्यांपर्यंत उतरत होता. दुसऱ्या लेकरालाही हे वाईटच, पण एसएसच्या लेकराला जास्त. ऑक्सिजन कमी पडला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातपाय दुखायला लागतात.

यावर इलाज म्हणजे टॉन्सिल काढायचं ऑपरेशन. पण एसएसच्या मुलाला भूल द्यायची तर आधी रक्त चढवून हिमोग्लोबिन दहाच्या आसपास आणावं लागतं, ताप नको, दुखणं उठलेलं नको. आमची तारीख उन्हाळ्यात दुखण्यानं गेली, पावसाळ्यात तापानं. मधल्या काळासाठी होळीआधीच हवेच्या दाबाचा मास्क, म्हणजे सीपॅप, लावून पाहिला, पण तो झोपेत ओरबाडून काढायचा. शेवटी डॉक्टरांनी रात्री मिनिटाला अर्धा लिटर ऑक्सिजन लिहून दिला.

हा ऑक्सिजन अडलेला गळा उघडत नाही, हे पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवा. घोरणं जसंच्या तसं राहतं, श्वास थांबणंही राहतं. फक्त तेवढ्या वेळात रक्तातला आकडा खाली पडत नाही. आमचा आता बहुतेक रात्री 94-95 च्या घरात असतो. पण याच कारणानं हे मशीन फसवंही आहे. आकडा चांगला दिसतो आणि आत कार्बन डायऑक्साइड साचत असू शकतो. ऑक्सिमीटरवर तो दिसत नाही. म्हणून डॉक्टरांनी आधी एक रात्र दवाखान्यात ठेवून, ऑक्सिजन लावून कार्बन डायऑक्साइड मोजला, मगच घरी सोडलं. सकाळी डोकं दुखतंय, उठवता उठत नाही, दिवसभर पेंगतोय, असं दिसलं तर लिटर न वाढवता दवाखाना गाठायचा, अशी ताकीद आहे. शेजारी एक काका म्हणालेच, "अर्ध्यानं काय होते? दोनवर ठेवा ना!" त्यांना हात जोडले. सिकलसेलमध्ये आणखी एक भानगड अशी की जास्तीच्या ऑक्सिजननं हाडातल्या मज्जेचं नवीन रक्त बनवणं मंदावू शकतं. त्यामुळं दर भेटीत हिमोग्लोबिनसोबत रेटिक काउंट, म्हणजे नव्या लाल पेशींची मोजणीही काढतात.

आता मशीन. आमचं पाच लिटरचं, नागपूरहून भाड्यानं आणलेलं, महिन्याला साडेतीन हजार. दुकानदार दहा लिटरचं गळ्यात मारत होता. लहान मुलाला त्याचा काही उपयोग नाही. पाच लिटरच्या मशीनवरचा काटासुद्धा अर्ध्याखाली नीट लावता येत नाही, म्हणूनच तो छोटा फ्लोमीटर वेगळा मागून घ्यायचा. बॅटरीवर चालणारी, खांद्याला लावायची मशीनही दाखवतात. त्यातली बरीच श्वास ओढला की तेवढ्यापुरता फुसका सोडतात. झोपलेल्या लेकराचा उथळ श्वास त्यांना नेहमी ओळखू येत नाही. रात्रीसाठी एकसारखा प्रवाह देणारंच पाहिजे.

गावात 2021 च्या दुसऱ्या लाटेत आलेली मशीन्स अजून कुठं कुठं पडून आहेत. आम्हालाही एक फुकट मिळत होतं. मशीनच्या आत झिओलाइट नावाच्या दाण्यांचे दोन डबे असतात. हवेतला नायट्रोजन ते धरून ठेवतात आणि नव्वदीच्या पुढचा ऑक्सिजन बाहेर सोडतात. मशीन वर्षानुवर्षं बंद पडून राहिलं की या दाण्यांना ओल धरते. मशीन घरघरतं, हवाही येते, पण त्यात ऑक्सिजन कमी. शुद्धता मोजणारं यंत्र लावून कोणी दाखवलं तरच असं मशीन घ्या, नाहीतर नमस्कार करून परत पाठवा.

उन्हाळा हा आमच्याकडचा खरा पेपर. मशीनच्या पुस्तिकेत चाळीस डिग्रीपर्यंत चालवा असं लिहिलंय, आणि मे महिन्यात आमच्या पट्ट्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. त्यावर घरोघरी एकच उपाय, कूलर. पण कूलरची हवा ओलसर, आणि त्या दाण्यांचं ओलीशी वाकडं. म्हणून मशीन सपरीत, म्हणजे पडवीत ठेवलं, भिंतीपासून हातभर लांब, आणि नळी खिडकीतून आत घेतली. एवढ्या कमी प्रवाहाला पंधरा मीटरपर्यंत नळी चालते, फक्त कुठं मुडपायला नको. आवाजही त्यामुळं बाहेरच राहिला. हे मशीन खोलीत असेल तर मुलगा झोपतो, आईबाप जागे राहतात. पावसाळ्यात सपरीत ओल येते म्हणून ते माजघरात आणलं.

लाईनचं सांगते. उन्हाळी वादळात झाड पडलं, डीपी जळाली, तर रात्र अंधारात जाते. ओलिताच्या दिवसांत सगळ्यांचे पंप सुरू झाले की व्होल्टेज इतकं पडतं की मशीन लाल दिवा लावून किंचाळतं. त्यासाठी स्टॅबिलायझर घेतला, तो हवाच. इन्व्हर्टर मात्र अपेक्षेपेक्षा कमी पुरतो. मशीन साधारण साडेतीनशे वॉट खातं आणि 150 अ‍ॅम्पिअर अवरच्या बॅटरीवर तीन, फार तर साडेतीन तास निघतात. तोही शुद्ध साइन वेव्हचा हवा, जुन्या स्वस्त इन्व्हर्टरवर मोटर घुमते आणि तापते.

खरा आधार सिलिंडरचा. बी टाइपचं दहा लिटरचं सिलिंडर, भरलेलं असताना दाबाचा काटा 150 वर. दहा गुणिले दीडशे, म्हणजे पंधराशे लिटर वायू. मिनिटाला अर्धा लिटर लागतो, म्हणजे तीन हजार मिनिटं, पन्नास तास! मोठ्या माणसाला पाच लिटरनं हेच सिलिंडर पाच तासांत संपतं, म्हणून लोक सिलिंडरला नाक मुरडतात. लेकराच्या बाबतीत ते इन्व्हर्टरपेक्षा कितीतरी पुढं आहे. भरून आणायला काही शे रुपये लागतात. चावी दोरीनं सिलिंडरलाच बांधून ठेवा, अंधारात ती सापडत नाही. रेग्युलेटर घट्ट फिरतो म्हणून त्याला तेल किंवा ग्रीस लावायला कोणी धावलं तर हात धरा, दाबातला ऑक्सिजन तेलाला लागला की तेल पेट घेतं.

तेलावरून आठवलं. नाकातली नळी लावून मुलाचं नाक कोरडं पडायला लागलं, तशी सासूबाईंनी खोबरेल तेलाची वाटी आणली. तेलाचं आणि ऑक्सिजनचं जमत नाही हे त्यांना पटायला वेळ लागला. "काऊन बापा, आमी का लेकरं वाढवली नाई?" असं म्हणाल्या. आता नाकाला पाण्याचा, मेडिकलवर मिळणारा जेल लावतो आणि पायाला तेल लावून द्यायचं खातं त्यांच्याकडं आहे. मच्छर अगरबत्ती बंद, मच्छरदाणी आली. देवघरातला दिवा स्वयंपाकघरात गेला. मामेसासरे बिडी विझवूनच फाटकाच्या आत येतात.

नळी गालावर चिकटवायची असते. उन्हाळ्यात घामानं चिकटपट्टी सुटते, आणि ओढून काढली की साल निघते. आधी त्वचेवर जखमेच्या पट्टीचा मऊ तुकडा लावायचा, त्यावर नळी, त्यावर चिकटपट्टी. तो खालचा तुकडा दोन-तीन दिवस राहतो. नळी पुढून न घेता कानावरून मागं, सदऱ्याच्या आतून पाठीकडून बाहेर काढायची. झोपेत गळ्याभोवती गुंडाळली जायची भीती त्यामुळं राहत नाही. ऑक्सिजन ओलसर करायची पाण्याची बाटली एवढ्या कमी प्रवाहाला बहुतेकदा लागत नाही. थंडीत उलट त्या वाफेचं नळीत पाणी होऊन थेंब नाकात जायचे आणि तो ठसकून उठायचा. डॉक्टरांना विचारून बाटली काढली. हवा येतेय का हे बघायला नळीची टोकं पेल्यातल्या पाण्यात बुडवायची, बुडबुडे आले की पुसून लावायची. सर्दी झाली की मात्र नाकच बंद, मग नळी असूनही आकडा घसरतो. अशा रात्री आम्ही पाळीनं जागतो.

ऑक्सिमीटर मोठ्यांचा चालला नाही. लहान बोटात तो सैल बसतो आणि काहीही आकडे दाखवतो. पायाच्या अंगठ्याला गुंडाळायचा, लहान मुलांचा प्रोब असलेला घ्या. रात्रभराची नोंद साठवणारा असेल तर उत्तम, डॉक्टरांना मोबाईलवर पाठवता येते.

मळणीच्या दिवसांत गावभर धानाचा भुसा उडतो. एरवी आठवड्याला फिल्टर धुतो, तेव्हा एक दिवसाआड धुतला आणि पूर्ण वाळवूनच बसवला. दोन फिल्टर असले की अडत नाही. दुरुस्तीवाला माणूस बोलावला तर सकाळीच बोलवा. आमच्या रस्त्यावर वाघ आहे, दिवस मावळला की बाहेरचं कोणी यायला तयार होत नाही, आणि त्यात त्यांचं काही चूक नाही.

विजेचं बिल वाढतं. रात्रीचे नऊ तास म्हणजे तीन युनिटच्या वर, महिन्याला नव्वद-पंच्याण्णव. अर्धा लिटर घ्या की पाच, मशीन जवळपास तेवढीच वीज खातं. घरचा वापर धरून आम्ही शंभर युनिटच्या पायरीवरून पुढच्या पायरीवर गेलो, आणि तिथला दरही जास्त.

विकत घ्यावं का, असं बरेच जण विचारतात. ऑपरेशनची वाट बघत असाल तर नाही. मशीन भाड्यानं, सिलिंडर, रेग्युलेटर आणि ऑक्सिमीटर स्वतःचे. भाड्याचं मशीन बिघडलं तर बदलून देणं मालकाचं काम, तेही चिठ्ठीवर लिहून घ्या. आमच्या मालकानं एकदा शुद्धता कमी झाल्याचा पिवळा दिवा लागल्यावर "चालते ताई, काही होत नाही" असं फोनवर सांगितलं होतं. चिठ्ठी दाखवल्यावर दुसरं मशीन पाठवलं. ते येईपर्यंत सिलिंडरवर निभावलं.

आता हिमोग्लोबिन जुळून आलंय आणि ऑपरेशनची नवी तारीख मिळालीय. पण टॉन्सिल काढल्यावरही काही मुलांचा श्वास अडायचा राहतो. त्यामुळं ऑपरेशननंतर सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा स्लीप स्टडी आहे. तिचा रिपोर्ट येईपर्यंत मशीन परत करत नाही, पुढच्या महिन्याचं भाडं भरून ठेवलंय.