यीस्ट की पायरोकॉकस? साखर फोडण्याच्या दोन तऱ्हा

निपाणी-चिकोडी पट्ट्यात डिस्टिलरीत मळी आंबवणारं यीस्ट आपल्या ओळखीचं. 30-35 अंशांत ते जोमात असतं, 40 च्या पुढे गळपटतं. म्हणून टाकी थंड ठेवावी लागते. पायरोकॉकस फ्युरिओसस हा आर्किया (जिवाणूंसारखा दिसणारा, पण वेगळ्या गटातला एकपेशीय जीव) इटलीतल्या व्हल्कानो बेटाच्या तापलेल्या सागरी गाळातला. 1986 साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. त्याला 100 अंश मानवतात.

ग्लुकोजवर फॉस्फेट चढवायला यीस्ट एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्चतं, पायरोकॉकस एडीपी (एटीपीचंच एक फॉस्फेट कमी असलेलं रूप). पण खरी मजा पुढे आहे. ग्लुकोज फुटून झालेल्या ग्लिसराल्डिहाइड-3-फॉस्फेट या तुकड्यापाशी यीस्ट दोन एन्झाइम लावून एटीपी कमावतं. पायरोकॉकस तिथे टंगस्टन असलेल्या एकाच एन्झाइमने काम उरकतो, इलेक्ट्रॉन फेरेडॉक्सिन या वाहक प्रथिनाला देतो आणि एटीपीवर पाणी सोडतो. मग तोट्यात जातो का? मुळीच नाही! त्याच इलेक्ट्रॉनांपासून हायड्रोजन तयार होताना पेशीपटलापलीकडे आयन ढकलले जातात, आणि ते परत आत येताना एटीपी बनतं. शेवटी अ‍ॅसिटेट होतानाही आणखी मिळतं.

अल्कोहोल हवं तर यीस्टच, त्यात दुमत नाही. पण ग्लायकोलिसिस (ग्लुकोज फोडण्याची ही साखळी) सगळीकडे एकसारखंच असं पाठ करणाऱ्या बेळगाव-खानापूरच्या बीएस्सीच्या मुलांना मी आधी पायरोकॉकसच शिकवेन.